निलगिरी वर्गाच्या फ्रिगेट आणि त्यांचे सुटे भाग: पार्श्वभूमी

जुन्या ब्रिटिश बनावटीच्या युद्धनौकेचा कुठलाही सुटा भाग हातात घेतला, तर त्याच्या खोक्यावर किंवा तारेने बांधलेल्या पट्टीवर तेरा आकडी नंबर सापडतो. पहिले चार आकडे वस्तूची जात सांगतात. ४८२० असेल तर हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह, २८२५ असेल तर वाफेच्या टर्बाइनचा भाग. पुढचे दोन आकडे देशाचे, आणि ९९ म्हणजे ब्रिटन. उरलेले सात त्या एकाच वस्तूचे; देशाच्या आकड्यांसकट ते जगात दुसऱ्या कशालाही नसतात. स्टोअरमधला माणूस नाव विचारत नाही, नंबर विचारतो. नाव सांगायला गेलं तर 'पंपाची ती रिंग' एवढंच सांगता येतं, आणि एका फ्रिगेटवर, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेवर, पंप असतात डझनांनी.

निलगिरी वर्गाच्या, म्हणजे एकाच आराखड्यावरून मुंबईत बांधलेल्या, आपल्या नौदलाच्या सहा फ्रिगेटचा इतिहास साधारणपणे जलावतरणाच्या फोटोंमधून सांगितला जातो. माझगावच्या धक्क्यावरून घसरत पाण्यात जाणारी नौका, फुलं, टाळ्या. खरं तर या नौकांचं आयुष्य त्या ९९ आकड्याभोवती फिरलं. नौका आपल्या, पोलाद कापणारे आणि जोडणारे हात आपले, पण पट्टीवरचा देश दुसरा. तो देश उत्तर देत होता तोवर एक गोष्ट होती. त्याने ती नौकाच वापरणं सोडल्यावर वेगळीच गोष्ट सुरू झाली.

स्वातंत्र्यानंतरचं आपलं नौदल जवळजवळ संपूर्णपणे ब्रिटिश मालावर उभं होतं. १९५० च्या दशकात ब्रिटनकडून आठ नव्या फ्रिगेट मागवल्या गेल्या: पाणबुडीविरोधी तलवार आणि त्रिशूल, विमानविरोधी ब्रह्मपुत्रा, बेतवा आणि बियास, आणि आकाराने लहान खुकरी, कुठार आणि किरपाण. आठ नौका, तीन वर्ग. म्हणजे भांडारातही तीन वेगळ्या वह्या. त्यातल्या तलवार आणि त्रिशूल या ब्रिटिश 'टाइप १२' घराण्यातल्या. याच घराण्याची सुधारलेली पिढी म्हणजे लिअँडर वर्ग. ब्रिटनने स्वतःसाठी अशा २६ नौका बांधल्या. पहिली १९६३ मध्ये सेवेत आली, शेवटची १९७३ मध्ये. शिवाय न्यूझीलंड, चिली, ऑस्ट्रेलिया आणि हॉलंड यांनीही हाच साचा थोडाफार बदलून वापरला.

(नावाचा घोळ टाळायला एक खुलासा. आपली जुनी क्रूझर 'दिल्ली', म्हणजे १९३९ च्या रिव्हर प्लेटच्या लढाईतली 'अकिलीस', हीसुद्धा लिअँडर वर्गातलीच म्हणून नोंदलेली दिसते. तो १९३० च्या दशकातला क्रूझरांचा लिअँडर वर्ग. या फ्रिगेटशी त्याचं नावापलीकडे नातं नाही.)

फ्रिगेट भारतात बांधायची, हा विचार पक्का झाला तेव्हा निर्णयाच्या टेबलावर दोन मराठी माणसं होती. नोव्हेंबर १९६२ पासून यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते आणि भास्करराव सोमण नौदलप्रमुख. चीनच्या युद्धानंतर सगळा पैसा आणि सगळं लक्ष डोंगराकडे गेलेलं. नौदल म्हणजे पंगतीत शेवटी बसलेला पाहुणा. १९६४ मध्ये चव्हाण आधी अमेरिकेला, मग सोव्हिएत संघात आणि नोव्हेंबरमध्ये ब्रिटनला गेले. लंडनमध्ये फ्रिगेटचं जमलं: लिअँडरचा आराखडा, व्हिकर्स आणि यारो या कंपन्यांचं तांत्रिक सहकार्य आणि उधारीची सोय. पाणबुड्यांचं मात्र जमलं नाही. त्या शेवटी सोव्हिएत संघाकडून घ्यायचं ठरलं आणि सप्टेंबर १९६५ मध्ये तसा करार झाला. त्याच महिन्यात पाकिस्तानशी युद्ध पेटलं आणि ब्रिटनने भारताचा शस्त्रपुरवठा थांबवला.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. एकीकडे पुढची पंधरा वर्षं ब्रिटिश आराखड्याच्या नौका बांधायचं ठरलेलं, आणि त्याच सुमारास तोच पुरवठादार युद्धाच्या ऐन वेळी दार लावून घेऊ शकतो हे दिसलेलं. दुसरीकडे सोव्हिएत मालाचा ओघ सुरू होत होता. एकाच नौदलात दोन पुरवठ्याच्या वाटा, एक इंचांची आणि एक मिलिमीटरची. पुढच्या तीस वर्षांतली सुट्या भागांची बहुतेक डोकेदुखी या एका वर्षात पेरली गेली, असं माझं मत आहे.

माझगाव डॉक सरकारने १९६० मध्ये विकत घेतला होता, कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना. त्याआधी तिथे मुख्यतः दुरुस्तीचं काम चाले. मुंबईला जहाजबांधणी नवीन नव्हती. गोदीचा इतिहास १७३५ पासूनचा, आणि सुरतेहून आलेल्या वाडिया घराण्याने सागवानात बांधलेली 'त्रिंकोमाली' ही १८१७ ची फ्रिगेट आजही इंग्लंडमध्ये उभी आहे. पण सागवानाची फ्रिगेट आणि वाफेच्या टर्बाइनची फ्रिगेट यांच्यात नावाखेरीज काही सारखं नाही. माझगावला नवे स्लिपवे, नवी वर्कशॉप, वेल्डरांचं प्रशिक्षण, सगळं मुळापासून उभं करावं लागलं. पुढे नौदलप्रमुख झालेले एस. एम. नंदा त्या काळात या गोदीचे प्रमुख होते.

मग पैशाचा घाव बसला. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं. आदल्या दिवशी एका पौंडाला १३ रुपये ३३ पैसे पडत होते, ते २१ रुपये झाले. पहिल्या फ्रिगेटचा, निलगिरीचा, तळपट्टा त्यानंतर चार महिन्यांनी, ऑक्टोबर १९६६ मध्ये घातला गेला. बॉयलर, टर्बाइन, गिअर, तोफ, रडार, केबल, जे जे ब्रिटनहून येणार होतं ते रुपयांत दीडपटीहून महाग झालं होतं. नौका तर बांधायचीच होती. अशा वेळी कात्री कुठे लागते, हे घर बांधलेल्या कुणालाही सांगायला नको. भिंती होतात; जादा फरशा, जादा नळ 'नंतर बघू' म्हणून राहतात.

इथे नौदलातली एक पद्धत समजून घ्यायला हवी. नव्या नौकेबरोबर सुट्या भागांचे दोन गठ्ठे येतात. एक नौकेवरच ठेवायचा, 'ऑन बोर्ड स्पेअर्स'. समुद्रात असताना जे बिघडेल आणि जे नौकेवरच्या माणसांना बदलता येईल ते त्यात. दुसरा किनाऱ्यावरच्या भांडारासाठी, 'बेस अँड डेपो स्पेअर्स', बोलण्यात 'बी अँड डी'. मोठ्या दुरुस्तीला लागणारा माल यात. मुंबईत हा दुसरा गठ्ठा सांभाळणारं मोठं भांडार घाटकोपरला आहे. मेख अशी, की हे दोन्ही गठ्ठे नौका एक मैलही चालली नसताना, अंदाजाने ठरवावे लागतात. उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यात कुठला भाग किती झिजतो याचा अनुभव ब्रिटिशांकडे होता. अरबी समुद्राचं कोमट, खारट, शेवाळाने भरलेलं पाणी कंडेन्सरच्या, म्हणजे वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्राच्या, नळ्यांचं काय करतं, हा अनुभव त्यांच्या तक्त्यांत नव्हता. म्हणून काही वस्तू फडताळावर तीस वर्षं तशाच ग्रीस लावून पडल्या, आणि काहींचा साठा लवकरच संपला.

२३ ऑक्टोबर १९६८ ला इंदिरा गांधींच्या हस्ते निलगिरीचं जलावतरण झालं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये 'एक्समाउथ' नावाची एक छोटी फ्रिगेट रूपांतर होऊन पुन्हा समुद्रात उतरली. ती आपल्या खुकरीची सख्खी बहीण. तिच्या पोटातली वाफेची सगळी यंत्रणा काढून गॅस टर्बाइन बसवली होती. ब्रिटिश नौदलाला त्या प्रयोगातून जे कळायचं ते कळलं आणि पुढच्या पिढीच्या त्यांच्या फ्रिगेट गॅस टर्बाइनवर गेल्या. म्हणजे माझगावहून पहिली लिअँडर पाण्यात गेली त्या वर्षीच तिच्या बॉयलरचा जन्मदाता देश बॉयलरचा निरोप घेण्याच्या तयारीला लागला होता. यात कुणाची फसवणूक नव्हती. लिअँडर ही त्या काळातली उत्तम फ्रिगेट होती, आणि पहिल्यांदा बांधताना सिद्ध झालेला साचाच घ्यावा हे शहाणपणाचंच. पण सुट्या भागांचं घड्याळ तेव्हापासून उलटं चालू झालं.

निलगिरी १९७२ मध्ये सेवेत आली. मधल्या काळात १९७१ चं युद्ध होऊन गेलं होतं. ९ डिसेंबरला पाकिस्तानी पाणबुडी 'हँगोर'ने खुकरी बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्यानंतर नौदलाला ब्रिटिश सोनार १७०बी चा, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राचा, प्रश्न टाळता येईना. सोनार बदलायचा तर परकीय चलन हवं, आणि मूळ निर्मात्याकडून सुधारणा मिळायची तर त्याची इच्छा हवी. शेवटी आयआयटी दिल्लीत प्रा. पी. व्ही. इंदिरेसन यांच्या हाताखाली आरोग्यस्वामी पॉलराज या तरुण नौदल अधिकाऱ्याने त्याच सोनारसाठी सुधारित यंत्रणा तयार केली. पुढे पॉलराज यांच्याच नेतृत्वाखाली 'अप्सोह' हा स्वदेशी सोनार झाला. सुटा भाग मिळत नाही म्हणून वस्तूच नवी बनवायची, हा मार्ग नौदलात रुळला तो इथून.

निलगिरीमागोमाग हिमगिरी १९७४ मध्ये, उदयगिरी १९७६ मध्ये, दुनागिरी १९७७ मध्ये, तारागिरी १९८० मध्ये आणि विंध्यगिरी १९८१ मध्ये आली. एका वर्गाच्या सहा नौका म्हटल्या की वाटतं, एकीचा भाग दुसरीला बसणार. कागदावर तसंच असतं. प्रत्यक्षात निलगिरीवर ब्रिटिश रडार आणि ब्रिटिश नियंत्रणाचं एक सीकॅट क्षेपणास्त्र, तर हिमगिरीपासून हॉलंडच्या सिग्नाल कंपनीची यंत्रणा आणि दोन सीकॅट. शेवटच्या दोघींवर जुन्या लिम्बो मॉर्टरच्या जागी स्वीडिश बोफोर्सचा पाणबुडीविरोधी रॉकेट-लाँचर आणि छोट्या चेतकऐवजी अवजड सी-किंग हेलिकॉप्टर, त्यासाठी आत-बाहेर सरकणारं हँगर. प्रत्येक बदल त्या त्या वेळी योग्यच होता. मिळेल ते चांगलं घेत जाणं हीच आपली खरेदीची रीत, आणि बांधणी दहा-बारा वर्षं लांबली की तंत्रज्ञानही पुढे गेलेलं असतं. पण भांडाराच्या दृष्टीने तो एक वर्ग उरला नाही. निलगिरीचा रडारचा भाग विंध्यगिरीच्या काही कामाचा नाही आणि उलटही नाही.

सहाही जणींना बांधून ठेवणारी एक गोष्ट होती: पोटातली वाफ. दोन बॉयलर, दोन टर्बाइन, दोन शाफ्ट, ३०,००० अश्वशक्ती. वाफेचा दाब चौरस इंचाला ५५० पौंड, तापमान ४५० अंश सेल्सियसच्या आसपास. या दाबावर बॉयलरच्या नळीला केसाएवढी चीर गेली तरी बॉयलर बंद करावा लागतो. मग तो थंड होईपर्यंत थांबायचं, ड्रमचं झाकण उघडायचं आणि अंगाने सडपातळ असा कुणीतरी आत सरपटत जायचा. आत बसायला जागा नसते, कूस बदलायलाही नसते. शेकडो नळ्यांच्या तोंडांतून नेमकी गळणारी शोधायची आणि तिच्या दोन्ही टोकांना निमुळता प्लग ठोकायचा. वरच्या ड्रममध्ये एक माणूस, खालच्यात दुसरा. दोघांनी एकच नळी धरलीय ना, हे ठोकून, ओरडून पक्कं करायचं. चुकून शेजारच्या नळीला प्लग बसला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. प्लग मारलेली नळी कायमची बाद. अशा ठरावीक नळ्या बाद झाल्या की बॉयलरच्या सगळ्याच नळ्या बदलाव्या लागतात, आणि मग प्रश्न येतो तो योग्य जातीच्या, योग्य जाडीच्या, योग्य वळणाच्या नळ्यांचा. झडलेल्या भट्टीच्या विटाही तशाच. त्यांचे आकारसुद्धा ठरलेले, कोपऱ्याची वीट मधे चालत नाही.

१९७० आणि ८० च्या दशकांत यातलं बरंच काही इथे होऊ लागलं. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर लोकांना साखर कारखान्यासाठी माहीत. तिथल्या कारखान्यात नौदलासाठी अवजड गिअरबॉक्स बनू लागल्या. चेतक हेलिकॉप्टर हिंदुस्तान एरोनॉटिक्स परवान्याखाली बनवत होतं, त्यामुळे त्याच्या भागांची ददात नव्हती. वातानुकूलन, पंप, स्विचबोर्ड, केबल यांचे देशी पर्याय आले. एक मात्र खरं, की मोठी वस्तू बनवण्यापेक्षा छोटी बनवणं अनेकदा अवघड गेलं. गिअरबॉक्सची ऑर्डर कोट्यवधींची. कारखाना त्यासाठी माणसं बसवतो. एका जुन्या पंपाच्या चार इम्पेलरांसाठी, म्हणजे आतल्या फिरत्या चक्रांसाठी, कोण बसवणार?

असा इम्पेलर इथे बनवायचा म्हणजे काय? मूळ ड्रॉइंग बहुतेकदा नसतं. नौकेचा आराखडा विकत घेतला म्हणून तिच्यातल्या शेकडो यंत्रांच्या प्रत्येक भागाचं ड्रॉइंग मिळत नाही. ते त्या त्या यंत्राच्या कंपनीचं. मग जुनाच इम्पेलर नमुना म्हणून घ्यायचा. पण तो झिजलेला आहे, म्हणून तर बदलायचाय. त्याची आजची मापं घेतली तर नवा भाग जन्मतःच झिजलेला बनेल. मूळ माप किती असावं याचा अंदाज बांधायचा, लाकडाचा पॅटर्न करताना ओतीव धातू थंड होऊन आकसतो त्याची सूट धरायची, गनमेटल की ॲल्युमिनियम ब्राँझ हे तपासून घ्यायचं, ओतकाम झाल्यावर लेथवर चढवायचं, तोल साधायचा. आणि मापं सगळी इंचांत. देशात मेट्रिक पद्धत १९५६ च्या कायद्याने आली होती. नव्या दमाच्या फिटरला मिलिमीटर तोंडपाठ, आणि हातात पाना मात्र इंची. ब्रिटिश आट्याचा बोल्ट आणि मेट्रिक नट एकमेकांत दोन वेढे जातात आणि अडकतात. जोर लावला की दोन्ही वाया.

तलवार वर्गाच्या जुन्या जोडीवर आणखी एक धाडस झालं होतं. १९७१ मध्ये कराचीवर हल्ला करणाऱ्या सोव्हिएत ओसा जातीच्या क्षेपणास्त्र नौकांचे स्टिक्स लाँचर काढून ते तलवारवर, तिची ४.५ इंची तोफ हटवून, बसवले गेले. ब्रिटिश अंगावर रशियन हात. हा जुगाड नव्हे, मोजूनमापून केलेला प्रयोग होता, आणि तो जमल्यामुळेच पुढचं पाऊल टाकता आलं. १० डिसेंबर १९८३ ला माझगावहून गोदावरी सेवेत आली. आराखडा नौदलाच्या स्वतःच्या विभागाचा, बॉयलर आणि टर्बाइन मात्र लिअँडरचीच, तीच ३०,००० अश्वशक्ती. नौका लिअँडरपेक्षा लांबीने तेरा मीटर मोठी, वजनाने बरीच जड, वर दोन हेलिकॉप्टर, सोव्हिएत क्षेपणास्त्रं, पाश्चात्त्य आणि भारतीय इलेक्ट्रॉनिक्स. ब्रिटिश यंत्रांना वीज लागते ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झची; सोव्हिएत यंत्रांना ३८० व्होल्ट, ५० हर्ट्झची. एका नौकेत दोन्ही नांदवायची म्हणजे मधे बदल करणारी यंत्रं, आणि त्या यंत्रांचे पुन्हा आपले सुटे भाग.

वाफ तीच का ठेवली, असा प्रश्न नंतर अनेकांनी विचारला. कारणं साधी होती. ती चालवणारी माणसं तयार होती, गोदीला तिची दुरुस्ती येत होती, आणि तिचे भाग काही प्रमाणात देशात मिळू लागले होते. जी यंत्रणा आपल्याला उघडता येते ती टाकून न उघडता येणारी घ्यायला त्या वेळी कुणी तयार नव्हतं. मला तो निर्णय पटतो. त्याची किंमत पुढे मोजावी लागली, ही वेगळी गोष्ट.

ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकाच्या शेवटी लिअँडर भराभर निवृत्त होऊ लागल्या. न्यूझीलंडने त्याआधीच, आणि आता पाकिस्तान, चिली आणि इक्वेडोर यांनी त्यातल्या काही विकत घेतल्या. शेवटची, 'सिला', १९९३ च्या डिसेंबरात गेली; तिला २००४ मध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली डुबकी मारणाऱ्या पर्यटकांसाठी मुद्दाम बुडवण्यात आलं. ज्या कारखान्यांनी बॉयलरचे भाग बनवले त्यांना आता घरचं गिऱ्हाईकच उरलं नाही. भारताने १९९५ मध्ये 'अँड्रोमेडा' घेतली आणि 'कृष्णा' नावाने प्रशिक्षण नौका केली. या बाईंचं पूर्वायुष्य रंगतदार. आइसलँडशी माशांवरून झालेल्या तंट्यात तिथल्या गस्ती नौकेशी टक्कर, मग फॉकलंड युद्ध. कृष्णा २०१२ पर्यंत मुलांना समुद्र शिकवत राहिली.

याच दशकात सोव्हिएत संघ मोडला. स्टिक्स आणि ओसा-एम ही क्षेपणास्त्रं, रशियन तोफा यांचे कारखाने अचानक वेगवेगळ्या देशांत गेले. काही रशियात, काही युक्रेनमध्ये. म्हणजे नौदलाच्या दोन्ही पुरवठा-वाटा एकदमच अरुंद झाल्या. भर म्हणून मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले आणि सी-किंग हेलिकॉप्टरांचे भाग अडकले. हेलिकॉप्टर घेतलं ब्रिटनकडून, पण मूळ रचना अमेरिकी, आतले काही भाग अमेरिकी. पट्टीवर ९९ असला तरी किल्ली तिसऱ्याकडे असू शकते, हे तेव्हा कळलं.

भाग मिळत नसेल तर जगभरच्या नौदलांत एकच तोडगा असतो: धक्क्याला उभ्या असलेल्या नौकेचा काढायचा आणि समुद्रात जाणारीला लावायचा. यात कमीपणा नाही. ब्रिटनच्या लेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये त्यांच्या स्वतःच्या नौदलाची मोजदाद केली, तेव्हा अशी काढाकाढ पाच वर्षांत ४९ टक्क्यांनी वाढलेली आढळली. तोटा असा, की एक भाग दोनदा काढावा आणि दोनदा बसवावा लागतो, आणि काढताना शेजारची सील, गॅस्केट, कधी एखादा जुना पाइपही जातो. एका बिघाडाचे दोन होतात. ज्या नौकेतून काढलं तिच्या इंजिनरूममधल्या माणसांच्या तोंडची भाषा इथे छापण्याजोगी नसते.

निलगिरी १९९६ मध्ये निवृत्त झाली आणि एप्रिल १९९७ मध्ये सी हॅरियर विमानाने सोडलेल्या सी ईगल क्षेपणास्त्राचं लक्ष्य बनून बुडाली. हिमगिरी २००५ मध्ये गेली, उदयगिरी २००७ मध्ये, दुनागिरी २०१० मध्ये. ३० जानेवारी २०११ ला मुंबई बंदराच्या तोंडाशी विंध्यगिरीला एका मालवाहू जहाजाची धडक बसली. आग लागली, आणि ती आगीशी झगडतच गोदीत आणली गेली. दुसऱ्या दिवशी धक्क्यालाच ती कलंडून बुडाली. वर काढली गेली, पण पुन्हा चालली नाही. उरली एकटी तारागिरी. तिला २०१३ च्या जूनमध्ये निरोप दिला.

मधल्या काळात नव्या फ्रिगेट रशियातून आल्या. नव्या 'तलवार' वर्गाच्या पहिल्या तिघी २००३-०४ मध्ये सेंट पीटर्सबर्गहून, पुढच्या तिघी २०१२-१३ मध्ये कालिनिनग्राडहून. यांच्या गॅस टर्बाइन युक्रेनमधल्या मिकोलायवच्या. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतल्यावर युक्रेनने रशियाला इंजिनं देणं बंद केलं आणि याच साच्याच्या रशियाच्या स्वतःच्या तीन नौका गोदीत इंजिनाविना अडकल्या. त्यातल्या दोन भारताने घेतल्या. अट अशी, की इंजिनं भारताने युक्रेनकडून विकत घेऊन रशियाला पोचवायची. तुशिल डिसेंबर २०२४ मध्ये सेवेत आली, तमाल जुलै २०२५ मध्ये. याच जातीच्या आणखी दोघी, त्रिपूत आणि तवस्य, गोवा शिपयार्डमध्ये वास्कोला बांधल्या जात आहेत. भांडणाऱ्या दोन शेजाऱ्यांमध्ये तिसऱ्याने इंजिन उचलून नेऊन द्यावं, असा प्रसंग नौदलांच्या इतिहासात क्वचितच आला असेल.

आणि जुनी नावं परत आली. १५ जानेवारी २०२५ ला मुंबईत नवी निलगिरी दाखल झाली, ऑगस्टमध्ये विशाखापट्टणमला उदयगिरी आणि हिमगिरी. यावेळी सातांपैकी चार माझगावच्या आणि तीन कोलकात्याच्या; हिमगिरीने माहेर बदललंय. या नौकांवर बॉयलर नाही. गॅस टर्बाइन आणि डिझेल आहे, आणि टर्बाइनची रचना अमेरिकी आहे.

लिअँडरची वाफ मात्र पूर्ण विझलेली नाही. गोदावरीचा साचा पुढे नेऊन कोलकात्यात बांधलेल्या नव्या ब्रह्मपुत्रा, बेतवा आणि बियास या २००० ते २००५ दरम्यान सेवेत आल्या त्या वाफेवरच. इंडोनेशियाने हॉलंडकडून घेतलेल्या लिअँडरमधली वाफेची यंत्रणा काढून डिझेल बसवलं, त्याला वीसएक वर्षं झाली. आपल्याकडे तसा करार ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला: कोचीन शिपयार्डमध्ये ३१३ कोटी ४२ लाख रुपयांत बियासची यंत्रणा बदलायची, वाफ काढून डिझेल घालायचं. वाफेवरून डिझेलवर जाणारी आपली ती पहिली फ्रिगेट. तिच्यातून निघालेल्या पंपांचं, व्हॉल्व्हचं, चांगल्या उरलेल्या नळ्यांचं काय करायचं, हे गोदीत कुणाला विचारावं लागणार नाही. ब्रह्मपुत्रा आणि बेतवा यांच्या पोटात अजून बॉयलरच आहेत.